सात नंबरचं पेव

बाळांनो, अशी कल्पना करा की तुम्ही अंगणात लंगडी घालताय आणि तुमच्या पायाखाली तीस फूट खोल हळद भरलेली आहे. वरून काही दिसत नाही. शेणानं सारवलेली साधी जमीन. मधोमध एक दगडी झाकण, त्यावर मातीचा लिंपा. पण टाच जोरात आपटली की कळतं. खाली पेव भरलेलं असेल तर जमीन ‘ढप्प’ बोलते, आणि रिकामं असेल तर ‘घुम्म’.

पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. तोंड इतकं अरुंद की जाड माणूस अडकून बसावा, आणि पोट इतकं रुंद की आत बैलगाडी वळावी. नदीकाठच्या त्या गल्लीत पेवं राखणारी अकरा घरं होती. पेठेतले व्यापारी आपली हळद त्यांच्याकडे ठेवत, वर्ष-दोन वर्षं तिकडे फिरकतही नसत. शेवंता त्यातल्याच केरबाची मुलगी, वय अकरा. कुठल्या पेवात काय आहे हे ती चालता चालता टाचेनं ओळखायची. गल्लीतली सगळीच पोरं ओळखायची म्हणा. त्यात काही विशेष आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं.

आषाढ लागला होता. चार दिवस नुसती भुरभुर चालली होती. अशा हवेत गल्लीतली माणसं घोंगडी विणत, दोर वळत, कंदिलाच्या काचा पुसत. पेवाला मात्र कोणी हात लावत नसे. त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली आणि तिच्यातून महांतेशशेठ उतरला. त्याचे वडील बसाप्पाशेठ चैत्रात वारले होते. केरबाकडे सात नंबरच्या पेवात त्यांची नव्वद पोती हळद होती.

“केरबा, पेव उघडायचं,” तो आल्या आल्या म्हणाला.

“आत्ता? ह्या हवंत?”

“बाजार तिप्पट झालाय. दिवाळीपातोर कोण थांबतंय?”

“थांबावं लागतंय, शेठ. ही ओली हवा आत गेली तर आठ दिसांत हळद मऊ पडंल, मग किडंल. तुमच्या वडलांनी चाळीस वर्सांत कधी पावसात तोंड उघडाया लावलं न्हाई.”

“वडील गेले. आता मी हाय.”

“मग तुमी शिका की,” केरबा म्हणाला. तो हसत म्हणाला, पण शेठला हसू आलं नाही.

“बरं, काढू नको. नुसता बघतो आणि जातो.”

“बघाया उघडा न्हाईतर काढाया उघडा, तोंड एकच हाय.”

महांतेशनं गल्लीभर नजर फिरवली. “माझा माल सात नंबरातच हाय न्हवं?”

शेवंता जात्याशी बसली होती. तिचा हात थांबला. तिचा बाप, आबा, बोलता बोलता नेमका चौदा नंबरच्या झाकणावर उभा होता. त्याच्या पायाचा अंगठा सारवण उकरू लागला. त्यानं सातकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. हो म्हणून.

सगळा घोळ त्या एका मान हलवण्यात झाला.

खरी गोष्ट अशी होती. वरच्या अंगाला कुणीतरी उसाला कालव्याचं पाणी घेतलं होतं. त्याचा पाझर वैशाखात सात नंबरच्या बुडाशी आला. केरबाला वासावरून संशय आला. त्यानं तोंड उघडून लांब सळई तळापर्यंत घातली, तर बुडाला अंथरलेला उसाचा पाला ओला लागला. वर हळद कोरडी होती, पण फार दिवस राहिली नसती. सहा दिवस सगळी गल्ली राबली. शेवंता आत उतरून पाट्या भरत होती, बायका वर ओढत होत्या, गडी डोक्यावरून नेत होते. नव्वद पोती हळद चौदा नंबरात गेली. शेवंताच्या अंगाचा पिवळेपणा पंधरा दिवस निघाला नाही.

आणि मग सगळ्या गल्लीनं तोंडाला कुलूप घातलं. कारण पेवाला ओल लागली ही गोष्ट पेठेत कळली असती तर एका पेवाचं नव्हे, सगळ्या गल्लीचं नाव गेलं असतं. इथली माती पाणी धरत नाही, याच एका विश्वासावर अकरा घरांच्या चुली पेटत होत्या. बसाप्पाशेठ असते तर केरबानं त्यांच्या कानात हळूच सांगितलं असतं. पोराला कसं सांगायचं हे त्याला सुधरलं नाही.

दुसऱ्या दिवशी महांतेश आला तो पोलीस घेऊनच. फौजदार तरुण होता, बुटाला चिखल लागल्यामुळे वैतागलेला. बरोबर एक पोक्त हवालदार. त्यांनी मजुरांकडून सात नंबरचं झाकण काढायला लावलं. केरबा भिंतीला टेकून उभा राहिला. शेवंतानं आईकडे पाहिलं. आईनं, हौसानं, पदराचा बोळा करून दातांत धरला होता.

झाकण सरकलं. आतून आंबूस वारा आला. फौजदारानं विजेरी मारली. अरुंद तोंडातून फक्त मधला तुकडा दिसत होता, काळी ओली माती.

“उतरा हो आत,” तो हवालदाराला म्हणाला. “कडेनं काय आहे बघा.”

हवालदारानं टोपी काढून ठेवली, एक पाय तोंडात सोडला. तेवढ्यात केरबा भिंतीपासून सुटला आणि त्यानं मागून हवालदाराचा पट्टा दोन्ही हातांनी पकडला. दोघंही चिखलात बसले.

“बघा, बघा,” महांतेश म्हणाला. “उतरू देत न्हाई.”

“कंदील सोडा आधी,” केरबा धापा टाकत म्हणाला. “शेवू, कंदील आण.”

तिनं कंदील आणला, दोराला बांधला. केरबानं तो आत सोडला. सगळे वाकून बघत होते. पाच हात गेला, आठ हात गेला. दहा हातांवर ज्योत आखडली, निळी झाली, आणि विझली. फुंकर मारावी तशी.

हवालदारानं टोपी उचलली आणि उगाच झटकत राहिला.

दोन तासांनी, खालची विषारी हवा निघून गेल्यावर, तो उतरला आणि वर आला. “काही नाही साहेब. पाला आहे कुजका.”

“माल कुठं आहे?” फौजदारानं विचारलं.

केरबानं गल्लीकडे पाहिलं. अकरा घरांच्या दारांत माणसं उभी होती. सगळ्यांत पुढं नाना, गल्लीतले सगळ्यांत जुने पेवकरी. त्यांनी काही खूण केली नाही, काही नाही. फक्त बघत होते.

“माल हाय,” केरबा म्हणाला. “दिवाळीनंतर देतो.”

“कुठं आहे ते विचारतोय मी.”

“हाय म्हनलं न्हवं का, साहेब.”

त्याच्या कमरेला काढणी, कैद्याला बांधायचा दोर, लावली. हवालदारानं घाईत गाठ मारली, ती दोन पावलांत सुटली. केरबानं खाली पाहिलं. जन्मभर माणसांना दोरानं तीस फूट खाली सोडणारा माणूस तो. त्याला ती गाठ बघवेना. त्यानं दोराचं टोक हातात घेतलं, पेवकऱ्याची गाठ मारली, ओढून पाहिली, आणि दुसरं टोक हवालदाराच्या हातात दिलं.

“चला,” म्हणाला.

शेवंतानं हे पाहिलं. पोरांनी आपल्या बापाला दोरानं बांधलेला बघू नये. तिनं बघितलं, आणि गाठ बरोबर बसली आहे एवढंच तिच्या डोक्यात आलं.

मंगळवारी तालुक्याच्या कोर्टात त्याला उभं केलं. विश्वासानं ठेवलेला माल गिळला आणि फसवणूक केली, असे दोन आरोप. माल कुठं आहे ते सांगत नाही म्हणून दोन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली. त्या संध्याकाळी नाना हौसाच्या ओसरीवर येऊन बसले.

“धीर धर,” ते म्हणाले. “पेव खायला उठत न्हाई आन् माल कुठं जात न्हाई. दिवाळीला काढून देऊ.”

“दिवाळीला चार म्हैनं हाईत, नाना.”

“मला म्हैनं मोजाया शिकीव तू.”

“मोजाया न्हाई शिकवत. आत तुमचा पोरगा असता तर तुमी चार म्हैनं म्हनला असतासा का, ते इचारते.”

नानांनी तंबाखू मळली, तोंडात टाकली नाही. “एका सातला पाझर आला. पेठंत काय म्हनतील? गल्लीला पाझर आला म्हनतील. पुढच्या साली एक पोतं येणार न्हाई. अकरा घरं हाईत, हौसा. केरबाला ते कळतंय म्हणून तर तो गप हाय.”

शेवंता आत चुलीपुढे होती. भाकरी करपली. पहिल्यांदाच करपली.

गुरुवारी मायलेकी पहाटेच्या एसटीनं तालुक्याला गेल्या. नानाही बरोबर आले, कोणी न बोलावता. कोर्टाच्या पत्र्याच्या ओसरीत भोकरे वकील एका मोडक्या टेबलाशी बसले होते. उपरणं चष्मा पुसायला वापरणारा सावकाश माणूस. त्यांनी कागद वाचले आणि चष्म्यावरून पाहिलं.

“बाई, माल कुठं आहे?”

हौसानं नानांकडे पाहिलं. नाना छताकडे बघत होते. पत्र्यावर भुरभुर वाजत होती.

“हाय कुठंतरी,” हौसा म्हणाली.

“कुठंतरी म्हणून मी आत उभा राहिलो तर न्यायाधीश मलाच बाहेर काढतील.” वकील रागावले नाहीत. त्यांनी शेवंताकडे पाहिलं, बहुतेक तिचे डोळे त्यांच्यावरून हलत नव्हते म्हणून. “तुला समजावून सांगू का? आज न्यायाधीश तुझा बाप चोर आहे की नाही हे ठरवणार नाहीत. ते खटला चालल्यावर. आज ते एवढंच बघणार की सोडला तर हा पळेल का? साक्षीदारांना धमकावेल, पुरावा बिघडवेल का? आत ठेवून पोलिसांना आणखी काही हाती लागणार आहे का? आणि माल घेतानाच याच्या मनात फसवायचं होतं, की घोळ नंतर झाला? यातलं तिसरं आपल्याला आडवं येतंय. पोलीस म्हणणार, माल सापडायचा आहे, म्हणून माणूस आमच्याकडे हवा. माल सापडेपर्यंत ते हेच म्हणत राहणार.”

“आन् माल कुठं हाय ते कळलं तर?” शेवंतानं विचारलं.

“शेवू,” नाना म्हणाले.

एवढंच म्हणाले. पण ती त्यांच्या मांडीवर वाढली होती. त्या आवाजात काय काय आहे ते तिला कळलं. अकरा घरं होती त्यात, तिच्याबरोबर खेळणारी रंगी, बाळू, सगळी पोरं होती. आबाचं गप्प राहणंही होतं. आबानं वैशाखात तिला खांद्यावर बसवून सांगितलं होतं की ही गोष्ट गल्लीच्या बाहेर गेली तर समज आपण आपल्या हातानं सगळी पेवं बुजवली.

ओसरीच्या खांबाला तिनं हात लावला, तो गार होता.

“चौदा नंबरात हाय,” ती म्हणाली. “सातला ओल लागली. म्या सोता पाट्या भरल्या.”

हौसानं डोळे मिटले. नाना उठले, ओसरीच्या टोकाला जाऊन पाठ करून उभे राहिले.

“हे चार दिवस आधी का नाही कोणी सांगितलं?” वकिलांनी विचारलं, पण उत्तराची वाट न बघता लिहायला लागले.

दुपारी केरबाला आणलं. दाढी वाढली होती. शेवंतानं दारातून पाहिलं, त्यानं तिला पाहिलं नाही. सरकारी वकील उंच, खणखणीत बोलणारे. त्यांचं म्हणणं, बाजार तिप्पट झाला आहे, पेव रिकामं निघालं, आरोपीनं पोलिसाला उतरू दिलं नाही, उलट अंगावर आला. कोठडी वाढवून मिळावी. भोकरे उठले आणि त्यांनी चौदा नंबर सांगितला.

केरबानं मान वर केली. मग त्यानं दाराकडे पाहिलं. लेकीकडे. ती नजर शेवंताला पुढं कितीतरी दिवस पाठीवर जाणवत राहिली.

न्यायाधीश वयस्क होते, त्यांच्या टेबलावर लोकरीची टोपी होती. “उघडून बघितलं का ते पेव?” त्यांनी फौजदाराला विचारलं.

“आत्ताच कळतंय, साहेब.”

“उघडू नका, साहेब,” केरबा म्हणाला. पिंजऱ्यातून आपण होऊन बोललेलं त्याचं ते पहिलं वाक्य. “पायजे तर मला ठेवा आत. ह्या हवंत उघडलं तर माल नासंल.”

“पाहा,” सरकारी वकील म्हणाले. “पुन्हा तेच. आतलं कोणाला बघू देत नाही.”

न्यायाधीशांनी थोडा वेळ खिडकीबाहेरचा पाऊस पाहिला. “न उघडता काही बघता येतं का?”

दारातून एक बारीक आवाज आला. “टाच मारायची.”

पट्टेवाला तिला गप्प करायला धावला. न्यायाधीशांनी हातानं त्याला थांबवलं, पण तिला पुढं बोलावलं नाही. फक्त वकिलांना विचारलं की ही काय म्हणते. वकिलांनाही माहीत नव्हतं. शेवटी नाना पुढं आले. गल्लीत ज्यांचा शब्द चालायचा ते नाना टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि त्यांनी भरल्या-रिकाम्या पेवाचा आवाज सांगितला. सळई कशी घालतात तेही सांगितलं. झाकणाच्या कडेनं लांब सळई आत खुपसायची, टोकाला काय लागतं ते बघायचं, आणि भोक लगेच शेणमातीनं बुजवायचं.

“शनिवारी अहवाल द्या,” न्यायाधीश फौजदाराला म्हणाले. “झाकण काढू नका. भरलेलं निघालं तर सील करा.” आणि केरबाला तोवर तुरुंगात पाठवलं.

शुक्रवारी फौजदार आणि दोन पंच गल्लीत आले. महांतेशही आला, छत्री घेऊन. फौजदारानं आधी सात नंबरवर बूट आपटला. घुम्म. मग चौदावर. ढप्प. त्यानं पुन्हा आपटला. मग पंचांना आपटायला लावलं. एक पंच म्हातारा होता, त्यानं धोतर सावरून अशी काही उडी मारली की एवढ्या काळजीतही रंगी खुदकन हसली. सळई आत गेली, बाहेर आली. टोक पिवळं धमक. फौजदारानं नाकाजवळ धरलं.

“हळद आहे,” तो म्हणाला.

“कुणाची पण?” महांतेशनं विचारलं. “माझीच कशावरून?”

“ते लिहिण्याचं काम नाही माझं. हळद आहे एवढं लिहितो.”

झाकणाभोवती दोर बांधून लाखेचं सील ठोकलं. गल्लीतली माणसं दारांतून बघत होती. हौसाशी कोणी बोललं नाही. पाण्याला गेली तर आडावर जागा करून दिली, पण कोणी बोललं नाही.

शनिवारी अहवाल वाचून झाला आणि सरकारी वकील हसले. “साहेब, आरोपीला जामीन आता आवाजावर द्यायचा का? पेव भरलेलं आहे, मान्य. पण हळद कोणाची, हे कुठं ठरलं?”

“ते आज ठरायचं नाही,” न्यायाधीश म्हणाले. “आज मी विचारतो की आणखी कोठडी कशासाठी हवी? माल कुठं आहे हे आरोपी सांगतो. तिथं हळद आहे. तुम्ही तिला सील ठोकलं. आता याला आत ठेवून तुम्ही काय शोधणार?”

“त्यानं पोलिसाला अटकाव केला. साक्षीदारांनाही करेल.”

भोकऱ्यांनी कंदिलाचं सांगितलं, तेव्हा न्यायाधीशांनी हवालदाराला पुढं बोलावलं. “पट्टा तुमचा धरला होता ना? मग कंदील सोडला का?”

“सोडला, साहेब.”

“किती खाली गेला?”

हवालदारानं फौजदाराकडे पाहिलं. फौजदार जमिनीकडे बघत होता. “दहा हात गेला साहेब आणि विझला.”

“आणि तुम्ही कंदिलाच्या आधी उतरणार होता.”

“व्हय साहेब.” हवालदार थोडा घुटमळला. “आणखी एक सांगू का? हा पळंल असं मला वाटत न्हाई. माझी गाठ सुटली तर यानं सोताची काढणी सोता बांधली.”

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

“किमान नव्वद पोत्यांची रक्कम तरी आरोपीनं कोर्टात भरावी,” सरकारी वकिलांनी शेवटचं मागितलं.

“जामीन म्हणजे वसुली नव्हे. पैशाचा वाद असेल तर फिर्यादीनं दिवाणीत जावं.” मग ते केरबाकडे वळले. “तू सातचा माल चौदात नेलास आणि मालकाला सांगितलं नाहीस. का?”

भरलेल्या कोर्टात, पेठेतल्या माणसांसमोर, त्याला ते तोंडानं म्हणावं लागलं. “सातला ओल लागली व्हती.”

“हे त्याच दिवशी बोलला असतास तर इथं आला नसतास. गप्प बसणं आणि गिळणं, दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात. तुझं कुठलं होतं ते खटल्यात ठरेल.” त्यांनी लिहायला घेतलं. दर सोमवारी ठाण्यात हजेरी. सीलला हात लावायचा नाही. पावसाळा संपल्यावर पोलिसांसमोर पेव उघडायचं. आणि एक जामीनदार, ज्याच्या नावावर जमीन आहे असा.

केरबाच्या नावावर पेवं होती, पण सातबारावर नाव लागावं अशी वीतभर जमीन नव्हती. गल्लीत जमीन एकट्या नानांची. दोन एकर.

ओसरीत नाना खांबाला टेकून बसले होते. शेवंता त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. नानांनी बंडीच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. सातबारा होता. घामानं मऊ पडलेला. म्हणजे तो त्यांनी घरूनच आणला होता.

“गल्लीचं नाव तर गेलंच,” ते तिला म्हणाले. “आता मानूस तरी घरी येऊ दे.” आणि उठताना म्हणाले, “हात दे. तुझ्या वकिलाच्या बाकड्यानं कंबर मोडली.”

केरबा घरी आला. जेवला, अंघोळ केली, दोर वळायला बसला. शेवंताशी तो वाकडं बोलला नाही आणि सरळही बोलला नाही. ‘पाणी दे’, ‘म्हस बांध’, एवढंच. पूर्वी कंदिलाच्या काचा ती पुसायची. आता तो स्वतः पुसू लागला. दर सोमवारी पायी ठाण्यात जाऊन सही करून येई. पेठेतून एक व्यापारी आला आणि आपली वीस पोती दिवाळीनंतर काढून नेणार म्हणून सांगून गेला. मग दुसरा आला. त्यानं मात्र विचारलं, “ओल लागली तर तुमी सगळा माल हलवलासा म्हणं? सगळ्या गल्लीनं?” आणि माल आहे तिथंच ठेवून गेला.

दिवाळी झाली. हवा कोरडी, खडखडीत पडली. ठरल्या दिवशी फौजदार, हवालदार, पंच आले. महांतेश वजनकाटा घेऊन आला, हमाल घेऊन आला. सील तोडलं. गल्लीतली सगळी माणसं जमली होती.

झाकण सरकलं. आतून वास आला. कोरडा, उबदार, नाकाला झोंबणारा. नानांनी तो भरून घेतला आणि ते तंबाखू मळू लागले. महांतेश पुढं झाला, वाकला. तोंडापासून हातभरावर हळद होती. त्यानं मूठ भरून घेतली, एक कांडी मोडली. कटकन आवाज आला. चेहऱ्यावर काय आलं ते लपवायला तो तशीच मूठ धरून उभा राहिला.

हमालांनी दोराला बांधलेल्या पाट्या सोडून वरूनच हळद उपसायला घेतली. दुपारपर्यंत अर्धं पेव खाली गेलं. आता आत उतरल्याशिवाय पाट्या भरता येईनात. महांतेशला धीर निघेना. तळाशी काय आहे, नव्वद पोती आहेत की वरच्यावर भर दिली आहे, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. त्यानं सदऱ्याच्या बाह्या सारल्या.

“मी उतरतो. दोर धरा.”

केरबानं त्याला अडवलं नाही. मागं एकदा अडवून त्यानं काय काय सोसलं होतं. त्यानं ओसरीवरचा कंदील उचलला, पेटवला, दोराला गाठ मारली. मग तो वळला आणि दोराचं टोक शेवंताच्या हातात दिलं.

“सोड,” म्हणाला.

चार महिन्यांत पहिल्यांदा तो तिच्या डोळ्यांत बघून बोलला होता. शेवंतानं कंदील सोडला. पाच हात. आठ हात. सगळे वाकले. हवालदार सगळ्यांत जास्त वाकला. नऊ हातांवर ज्योत आखडली, निळी झाली. गेली.

“कितीक वेळ थांबायचं आता?” महांतेश म्हणाला. “तोंड तर सकाळपासून उघडं हाय. अर्ध्या तासात मी वर येतो. द्या तो दोर.”

त्यानं हात पुढं केला. फौजदारानं केरबाकडे पाहिलं, केरबानं लेकीकडे.

शेवंतानं दोर वर ओढून घेतला. कंदील सोडवून बाजूला ठेवला. दोराचं एक एक वेटोळं नीट जुळवलं, जमिनीवर ठेवलं, आणि त्याच्यावर मांडी घालून बसली.